सामाईक लायब्ररी आणि नावापुढचा आकडा



संगणकातील प्रत्येक कार्यक्रम स्वयंपूर्ण असतो, असा आपला समज असतो. वस्तुतः तसे नाही. अनेक कार्यक्रमांना लागणारे तेच ते काम एकदाच लिहून एका फाइलीत ठेवतात, आणि ज्याला हवे तो तिची मदत घेतो. हिलाच सामाईक लायब्ररी म्हणतात. वाड्यातील सामाईक विहिरीप्रमाणे हिच्यामुळे जागा वाचते आणि दुरुस्ती एकाच ठिकाणी होते. परंतु विहीर सामाईक झाली, की तिच्यात केलेला बदलही सर्वांना भोवतो.

'फ्यूज'चेच उदाहरण घ्या. फाइली कशा मांडावयाच्या, कशा शोधावयाच्या, हे पाहणारी व्यवस्था एरवी संगणकप्रणालीच्या गाभ्यात असते. फ्यूजमुळे ते काम बाहेरचा साधा कार्यक्रमही करू शकतो. लिनक्सच्या गाभ्यात ही सोय २००५ साली आली. २०१६ साली तिच्या लायब्ररीची तिसरी आवृत्ती निघाली. फाइलीची माहिती विचारताना लायब्ररी पूर्वी कार्यक्रमाला दोन गोष्टी पुरवीत असे. आता तीन पुरवू लागली. असे बदल झाल्यावर जुना कार्यक्रम नव्या लायब्ररीशी जोडला, तर एकाचे बोलणे दुसऱ्यास कळणार नाही. आणि हा घोटाळा फाइलींच्या व्यवस्थेतच झाला, तर धोका आपल्या कागदपत्रांना! म्हणून कर्त्यांनी नावच बदलले. 'लिबफ्यूज २' आणि 'लिबफ्यूज ३' शेजारी-शेजारी सुखाने नांदू शकतात. नियम सोपा आहे: जुन्याशी जुळणारा बदल असेल तर आकडा तोच ठेवावा, जुन्याशी फारकत घेणारा असेल तर आकडा नवा द्यावा.

मग अडचण कुठे आली? कोणाला कोणती लायब्ररी लागते, याची खतावणी पॅकेज-व्यवस्थापक ठेवतो. पण नोंदच नसेल तर तो बिचारा काय करणार? 'अ‍ॅपइमेज' पद्धतीचे कार्यक्रम एकाच फाइलीत बांधलेले, खतावणीबाहेरचे. आणि त्यांना लिबफ्यूज २ हवी असे. एप्रिल २०२२ मध्ये उबुंटूची २२.०४ आवृत्ती आली, तिच्यात ती मुळात बसवलेली नव्हती. कालपर्यंत चालणारे कार्यक्रम उघडेनात. उपाय एवढाच होता, की जुनी लायब्ररी तेवढी शेजारी आणून बसवावी. पण काहींनी 'फ्यूज' नावाचे जुने पॅकेजच बसवले. त्याचे तिसऱ्या आवृत्तीच्या पॅकेजशी वाकडे. ते आत आले आणि तिसरी बाहेर पडली, तिच्या आधारावरचे मेजपटाचे भागही गेले!

पुढे अ‍ॅपइमेजच्या कर्त्यांनी लायब्ररी कार्यक्रमाच्या पोटातच घातली. परावलंबन संपले खरे. परंतु तिच्यात सुरक्षेचा दोष निघाला, तर आता प्रत्येक कार्यक्रम पुन्हा बांधावा लागतो. प्रत्येक बिऱ्हाडाने आपापला आड खणला, की पाणी शुद्ध राखण्याचे कामही ज्याच्या त्याच्या माथी येते.

तेव्हा श्रोतेहो, अवलंबून राहणे हा दोष नव्हे. नोंद न ठेवता अवलंबून राहणे हा दोष. एखादा कार्यक्रम 'लायब्ररी सापडत नाही' म्हणाला, तर नाव व आकडा नीट वाचा, तेवढीच बसवा; आणि बसवण्यापूर्वी काय काढले जाणार आहे, ती यादी अवश्य पाहा.