होडीच्या इंजिनाला तडा जातो तेव्हा

होडीचं इंजिन बंद पडलं की ते सगळ्यांनाच कळतं. पण चालू इंजिनात बिघाड असला, तर तो ओळखायला डोळे आणि कान उघडे ठेवावे लागतात. असाच एक बिघाड म्हणजे मॅनिफोल्डला गेलेला तडा.

मॅनिफोल्ड म्हणजे काय? प्रत्येक सिलिंडरमधून निघणारा जळका धूर एकत्र करून बाहेरच्या नळाकडे नेणारा बिडाचा पोकळ भाग. बऱ्याच बोटींत त्याच्याभोवती पाणी खेळवलेलं असतं. आत आगीसारखा धूर आणि बाहेर थंड पाणी! कंदिलाच्या तापल्या काचेवर पाण्याचा थेंब पडला की ती तडकते, हे शिक्षकबंधू मुलांना समजावून देतातच. इथंही तसंच घडतं. क्षार साचून पाण्याची वाट अडली, की बीड एका जागी जास्त तापतं नि तडकतं. खारं पाणी ते आतून खातं. बोल्ट कमीजास्त आवळले किंवा नळाला आधार दिला नाही, तर हादऱ्यांनीही तडा पडतो.

या तड्यातून दोन शत्रू आत शिरतात. पहिला कार्बन मोनॉक्साइड वायू. त्याला रंग नाही, वास नाही. रक्ताला तो प्राणवायूपेक्षा दोनशे पटींहून अधिक घट्ट चिकटतो. डोकं दुखतं, गरगरतं, मळमळतं. माणूस म्हणतो, "बोट लागली." पण वीस वर्षं दर्यावर काढलेल्या खलाशाला शांत पाण्यात बोट कशी लागेल? केबिनमधल्या दोघातिघांना एकदम असं वाटू लागलं, तर समजा की हा धुराचा प्रताप आहे. लगेच इंजिन बंद करा, दारं-झाकणं उघडा, माणसांना मोकळ्या हवेत आणा आणि दवाखाना गाठा.

दुसरा शत्रू पाणी. आतल्या बाजूला तडा गेला, तर बंद इंजिनाच्या सिलिंडरमध्ये पाणी उतरतं. हवा दाबली जाते, पाणी दाबलं जात नाही. अशा वेळी स्टार्टर मारत राहिलात, तर कनेक्टिंग रॉड वाकतो. इंजिन अडकलं तर जोर करू नका. इंजेक्टर काढा आणि हातानं फिरवून पाणी बाहेर काढा. ऑइल दुधाळ झालं असेल तर तेही बदला.

तडा ओळखायचा कसा? मॅनिफोल्डवर काजळीचा ओघळ दिसतो. थंड इंजिन सुरू करताना टिकटिक आवाज येतो; बीड तापून फुगलं की तो कमीही होतो. पण आवाज थांबला म्हणजे तडा सांधला गेला, असं नव्हे! टाकीतलं थंडाव्याचं पाणी विनाकारण घटत असेल, तरीही संशय घ्या.

तडा समुद्रात आढळला, तर वेग कमी करा, खाली कुणाला झोपू देऊ नका, चिंध्या आणि डिझेलची नळी तड्यापासून दूर ठेवा आणि बंदराकडे वळा. वरून लांबी किंवा पट्टी लावून दिवस ढकलू नका.

बिडाचं वेल्डिंग हे कसबाचं काम आहे. तड्याच्या दोन्ही टोकांना भोक पाडून तो पुढे सरकणं थांबवावं लागतं. मग भाग सावकाश तापवून निकेलच्या कांडीनं थोडं थोडं जोडायचं आणि कोरड्या राखेत किंवा वाळूत हळूहळू निवू द्यायचं. नंतर बसायची बाजू सपाट करून घ्या, पाण्याच्या दाबानं गळती तपासा, गॅस्केट नवं घाला आणि बोल्ट मधून कडेकडे समान आवळा. बीड आतून खाल्लेलं असेल, तर मात्र नवा मॅनिफोल्डच बसवा.

पावसाळ्यात होड्या किनाऱ्यावर ओढलेल्या असतात. नारळी पौर्णिमेआधी जाळी आणि फळ्या तपासता, तेव्हा मॅनिफोल्डवरही बॅटरीचा उजेड टाका. दुरुस्तीचा खर्च परत मिळवता येतो. गेलेला माणूस परत येत नाही.