बेटाची वाट दाखविणारे पक्षी

१९७६ साली ‘होकुलेआ’ ही शिडाची जोडनौका हवाई बेटांहून सुमारे ४००० किलोमीटर दूरच्या ताहितीला निघाली. वाटाडे होते पॅसिफिकमधील सातावल बेटाचे माऊ पियाइलुग. होकायंत्राविना, तारे व लाटा पाहून ते दिशा ठरवीत. परंतु सखल प्रवाळबेट फार तर पंधरा-वीस किलोमीटरवरून दिसते. ते हुकले, तर पुढे अथांग सागर! अशा वेळी पांढरे सुरय पक्षी उपयोगी पडतात. ते सकाळी मासे टिपायला दूर समुद्रावर जातात व सायंकाळी बेटावर परततात. म्हणून सायंकाळी ते जिकडे उडतात, तिकडे जमीन असते. महिन्याभराने असे पक्षी दिसले आणि पाठोपाठ ताहितीच्या अलीकडचे माताइव्हा बेटही! आता सांगा, हेच पक्षी सकाळी उडताना दिसले, तर बेट कोणत्या दिशेला शोधाल?