राख सांगते ते वय

गंगापूर तालुक्यातल्या कायगावाजवळ प्रवरा गोदावरीला मिळते. उन्हाळ्यात पाणी ओसरले की उभ्या कापल्या गेलेल्या काठाकडे मी नेहमी पाहतो. वर माती, मध्ये वाळू, तळाशी गोटे. याच प्रवरेच्या काठी नेवाशाला १९५४ ते ५६ या काळात डॉ. सांकलियांनी उत्खनन केले. तिथल्या गोट्यांच्या थरांत आदिमानवाची दगडी हत्यारे मिळाली. पण किती जुनी?

दगडावर तारीख नसते आणि कार्बन-१४ची पद्धत पन्नास हजार वर्षांपलीकडे फारशी चालत नाही. म्हणून वस्तूचे नव्हे, ती ज्या थरात सापडली त्या थराचे वय काढतात. पूर्व आफ्रिकेत हे साधते, कारण तिथे ज्वालामुखीच्या राखेचे थर आहेत. खनिजातल्या पोटॅशियमचा काही भाग अतिशय सावकाश अरगॉन वायूत बदलतो. उद्रेकात जुना वायू निघून जातो आणि घड्याळ नव्याने सुरू होते. ओल्डुवाईच्या कवटीचे सुमारे साडेसतरा लाख वर्षे हे वय १९६१ साली असेच ठरले.

आपला काळा पाषाणही ज्वालामुखीचाच, पण साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा! माणसाच्या हिशेबात त्याचा काय उपयोग? म्हणूनच जुन्नर तालुक्यात बोरी येथे कुकडी नदीच्या काठी राखेचा थर आणि हत्यारे आढळली, तेव्हा अभ्यासक हरखले. १९८९ मध्ये वय आले चौदा लाख. १९९३ मध्ये दुसऱ्यांनी सांगितले, ही तर सुमात्रातल्या टोबा ज्वालामुखीची पंचाहत्तर हजार वर्षांपूर्वीची राख. १९९५ मध्ये आकडा आला सहा लाख सत्तर हजार.

तिघेही प्रामाणिक, तरी एवढी तफावत! नदी सगळे मिसळते, ही खरी अडचण. राखेत जुन्या पाषाणाचे चार कण शिरले की वय फुगते. टोबाचेही उद्रेक अनेक झाले. शिवाय जुन्या थरातले हत्यार वाहून नव्या थरात बसू शकते. माझा कल जुन्या उद्रेकाकडे आहे, कारण हत्यारांची घडण पुरातन वाटते. पण घडण म्हणजे पुरावा नव्हे, हेही खरे.

हाडांनाही हाच प्रश्न. नर्मदाकाठी हथनोरा येथे ५ डिसेंबर १९८२ रोजी अरुण सोनकिया यांना आदिमानवाच्या कवटीचा भाग मिळाला, तोही गोट्यांच्याच थरात. त्याच्या वयावर आजही वाद आहे. म्हणून कायगावच्या काठात मुलांना एखादे दगडासारखे जड हाड दिसलेच, तर ते उपसून घरी आणू देऊ नका. आधी थरासकट फोटो काढा आणि जाणकारांना कळवा.