वाईन मुरते कशी आणि ती पारखतात कशी?



“वाईन जितकी जुनी तितकी चांगली” हे वाक्य आपल्याकडे कधी थेंबही न चाखलेला माणूसदेखील बिनदिक्कत ठोकून देतो. वस्तुस्थिती तशी नाही. जगात तयार होणाऱ्या वाईनचा फार मोठा भाग वर्ष-दोन वर्षांत संपवण्यासाठीच केलेला असतो. ती ठेवली तर सुधारत नाही, उलट बेचव होते. वीस-तीस वर्षे ठेवून चढत जाणारी तांबडी वाईन थोडी, आणि तिची पारख करणारी माणसे त्याहून थोडी.

आता ऊस कारखान्याच्या वार्तापत्रात हा विषय कशाला, असे कोणी विचारील. दारूची भलामण करण्याचा आमचा मुळीच हेतू नाही. पण आपल्या कित्येक सभासदांच्या रानात उसाच्या शेजारी द्राक्षबाग उभी आहे. महाराष्ट्र शासनाने २००१ साली द्राक्ष प्रक्रिया उद्योगाचे धोरण आणले, विंचूर आणि पलूस येथे वाईन पार्क झाले, आणि तेव्हापासून “वाईनची द्राक्षं लावावीत का?” ही चर्चा पारावर अधूनमधून निघतेच. शिवाय शेतमालाचा कस कशात असतो आणि तो कोणी ठरवायचा, हा प्रश्न ऊसवाल्याचाही आहेच. म्हणून हा लेखनप्रपंच.

तुरटपणा हे भांडवल

फ्रान्सच्या नैऋत्येला बोर्दो नावाचे शहर आहे. त्याच्या उत्तरेला जिराँद या खाडीच्या काठाने मेडॉक नावाचा पट्टा पसरला आहे. जमीन मुरमाड, गोट्यांची, पाण्याचा निचरा उत्तम. आपल्या मळईच्या रानातल्या शेतकऱ्याने ती पाहून नाक मुरडावे अशी. पण जगातल्या दीर्घकाळ टिकणाऱ्या तांबड्या वाईनपैकी कित्येक नामवंत वाईन याच रानातून येतात. मुख्य जाती कॅबरने सोव्हिन्याँ आणि मेर्लो.

ही द्राक्षे आपल्या खाण्याच्या द्राक्षांसारखी नसतात. आपण थॉमसन, तास-ए-गणेश, सोनाका यांना जी.ए. देऊन मणी फुगवतो. साल पातळ, बी नाही, रस भरपूर. वाईनच्या द्राक्षाचा मणी बारीक, साल जाड आणि आत बिया. मणी बारीक असला की रसाच्या मानाने सालीचे प्रमाण वाढते, आणि तांबड्या वाईनचा सगळा जीव त्या सालीत असतो. रस सालीसकट आंबवतात, त्यामुळे सालीतला रंग आणि टॅनिन रसात उतरते.

टॅनिन म्हणजे काय हे आपल्याला वेगळे सांगायला नको. हिरड्यात, बाभळीच्या सालीत, कच्च्या केळात, फार उकळलेल्या कोऱ्या चहात जो तुरटपणा असतो तोच हा. बाभळीच्या सालीने चामडे कमावतात ते टॅनिनच्या जोरावर. टॅनिन चामड्यातल्या प्रथिनाला धरते, तसेच ते आपल्या लाळेतल्या प्रथिनालाही धरते. म्हणून जीभ खरखरीत होते, तोंड आवळते. मुरण्यासाठी केलेली कोवळी बोर्दो वाईन प्यायला सुखाची नसते. हिरडा चघळावा तसे तोंड होते.

पण हा तुरटपणाच तिचे भांडवल. नवी वाईन २२५ लिटरच्या ओकच्या पिंपात साधारण दीड ते दोन वर्षे ठेवतात. लाकडातून अगदी थोडी हवा आत जाते. मग ती बाटलीत भरतात. पुढे वर्षानुवर्षे टॅनिनचे रेणू एकमेकांना आणि रंगद्रव्याला जोडले जातात. त्यातले काही इतके मोठे होतात की तरंगत न राहता गाळ होऊन तळाशी बसतात. रंग फिका होतो, तोंड आवळणे कमी होते आणि फळाच्या वासाच्या जागी निराळेच वास उमलतात. आपल्याकडे लोणचे मुरते म्हणतो ना, तोच शब्द इथे चपखल बसतो. फोड तीच, मसाला तोच, पण वर्षाने चव एकजीव होते. आणि लोणच्याला मीठ-तेल कमी पडले तर ते मुरत नाही, बुरसते. वाईनचेही तसेच. टॅनिन, आंबटपणा आणि फळाचा गर हे तिन्ही भरपूर आणि तोलात असतील तर ती मुरते. यातले एक जरी उणे पडले तरी नुसते वय वाढते, बाकी काही नाही.

डोळा, नाक, जीभ

जाणकार पारखी तीन पायऱ्यांनी जातो.

पहिला डोळा. पेला पांढऱ्या कागदावर तिरका धरायचा आणि कडेचा रंग पाहायचा. कोवळ्या वाईनची कड जांभळट. काही वर्षांनी ती माणकासारखी लाल, मग डाळिंबी, मग विटकरी आणि शेवटी तपकिरी होते. वीस वर्षांच्या चांगल्या वाईनला विटकरी कड शोभते. पण पाचच वर्षांची वाईन मधोमध तपकिरी दिसली तर ती उन्हाने किंवा हवेने गेली असे समजावे.

दुसरे नाक. कोवळेपणी काळ्या मनुका-बोरांसारखा फळांचा वास आणि पिंपाचा ताज्या लाकडाचा वास येतो. मुरलेल्या वाईनला देवदाराच्या लाकडाचा, तंबाखूच्या पानाचा, कमावलेल्या चामड्याचा, पावसाळ्यातल्या कुजलेल्या पाल्याचा किंवा अळंब्याचा वास येतो. ऐकायला विचित्र वाटेल, पण हे वास फळाच्या मंद वासाशी मिसळून येतात तेव्हाच त्या वाईनला मोल. फळ पूर्ण संपून नुसता पालापाचोळा उरला असेल तर वेळ टळून गेली. भिजलेल्या पुठ्ठ्यासारखा कुबट वास आला तर दोष बुचाचा असतो, वयाचा नव्हे. व्हिनेगरचा वास आला तर विषयच संपला.

तिसरी जीभ. इथे पारखी तीन गोष्टी तोलतो. तुरटपणा बोचतो की मखमलीसारखा लागतो? आंबटपणाने तोंडाला पाणी सुटते का? आणि घोट गिळल्यावर (पारखी बहुधा थुंकून टाकतो) चव किती वेळ रेंगाळते? मग तो निर्णय देतो: ही अजून चढणीला आहे, माथ्यावर आहे, की उतरणीला लागली. तुरटपणा जबर आणि फळही जबर असेल तर थांबा. दोन्ही एकमेकांत विरघळले असतील तर आताच उघडा. फळ ओसरले आणि आंबट-तुरट हाडे तेवढी उरली, तर उशीर झाला.

यात मेख अशी की तुरटपणा आणि फळ दोन्ही उतरतच असतात, फक्त आधी कोण उतरते एवढाच प्रश्न. १९७५ सालच्या बोर्दो वाईन भयंकर तुरट होत्या. पुष्कळांनी त्यांना दीर्घायुष्य वर्तवले. प्रत्यक्षात त्यातल्या कित्येकांचे फळ आधी सुकले आणि तुरटपणा तसाच राहिला. १९८२ साल उलटे. पीकही भरपूर, द्राक्षेही चांगली पिकलेली. वाईन कोवळेपणीच गोडसर, मऊ लागली. काही समीक्षक म्हणाले, ही टिकायची नाही. रॉबर्ट पार्कर नावाच्या तरुण अमेरिकन समीक्षकाने मात्र तिला डोक्यावर घेतले. आज चाळीस वर्षांनंतरही १९८२च्या निवडक बाटल्या दमदार आहेत. मऊ लागली तरी टॅनिन तिच्यात भरपूर होते, फक्त ते पिकलेले होते. पिकलेले टॅनिन आणि कच्चे टॅनिन यांतला फरक ओळखणे, हीच पारख्याची खरी परीक्षा.

भाव ठरतो कसा?

ही परीक्षा केवळ हौसेची नाही, शेतकऱ्याच्या पैशाशी तिचा थेट संबंध आहे. बोर्दोत सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये द्राक्षकाढणी होते. पुढच्या वसंत ऋतूत व्यापारी आणि समीक्षक पिंपातली सहा महिन्यांची वाईन चाखतात आणि त्यावरून भाव फुटतो. नामवंत मळ्यांचा माल तेव्हाच विकला जातो, बाटली मात्र गिऱ्हाइकाला दीड-दोन वर्षांनी मिळते. म्हणजे वीस वर्षांनंतरच्या चवीचा अंदाज सहा महिन्यांच्या कच्च्या मालावरून बांधायचा. आपल्याकडे निदान उसाची रिकव्हरी हंगामातच आकड्यांत कळते.

शिवाय तिथे नावाचा दबदबा मोठा. १८५५ साली पॅरिसच्या प्रदर्शनासाठी बोर्दोच्या दलालांनी मेडॉकच्या तांबड्या वाईनची पाच वर्गांत प्रतवारी लावली. आधार मुख्यतः त्या वेळच्या बाजारभावाचा. पहिल्या वर्गात चार मळे: लाफित, लातूर, मार्गो आणि मेडॉकबाहेरचा ओ-ब्रियाँ. (या लातूरचा आपल्या लातूर जिल्ह्याशी काही संबंध नाही, बरं का!) १९७३ साली मूतों-रोथशिल्डला पहिल्या वर्गात बढती मिळाली, बाकी ती यादी फारशी हललेली नाही.

मग नाव झाकून चाखले तर? २४ मे १९७६ रोजी स्टीव्हन स्पुरियर या इंग्रज व्यापाऱ्याने पॅरिसमध्ये हेच केले. चार बोर्दो आणि सहा कॅलिफोर्नियाच्या तांबड्या वाईन, लेबल झाकलेले, आणि गुण देणारे नऊ फ्रेंच जाणकार. पहिली आली ती कॅलिफोर्नियाच्या ‘स्टॅग्ज लीप’ची १९७३ची वाईन. फ्रान्समध्ये मोठी खळबळ उडाली. त्यावर बचाव असा निघाला की, “कॅलिफोर्नियाची वाईन लवकर फुलते, पण मुरायची नाही. वीस-तीस वर्षांनी बघा.” बरोबर तीस वर्षांनी, २००६ साली, त्याच वाईन लंडन आणि कॅलिफोर्नियातील नापा येथे पुन्हा चाखल्या गेल्या. पहिले पाचही क्रमांक कॅलिफोर्नियाचे! पहिली आली ‘रिज माँटे बेल्लो’ची १९७१ची वाईन, जी १९७६ साली पाचवी होती.

डोळे किती फसवतात याचा दाखला तर खुद्द बोर्दोच्या विद्यापीठातलाच आहे. २००१ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात वाईनशास्त्राच्या ५४ विद्यार्थ्यांना पांढरी वाईन बिनवासाचा लाल रंग घालून दिली. त्यांनी तिचे वर्णन तांबड्या वाईनच्या शब्दांत केले. यावरून चाखणे म्हणजे सगळे थोतांड असे मात्र समजू नये. काटा जसा अधूनमधून तपासावा लागतो तशी जीभही तपासावी लागते, एवढाच याचा अर्थ. म्हणून गंभीर पारखी नाव झाकून, शेजाऱ्याशी न बोलता, कागदावर आपापले गुण लिहितात आणि मगच तोंड उघडतात.

आपण यातून काय घ्यावे?

पहिली गोष्ट, वाईनची द्राक्षे लावण्याचा विचार करणाऱ्या सभासदांसाठी. या पिकात टनेज हा एकमेव हिशेब चालत नाही. फ्रान्समध्ये नामांकित भागाचे नाव लेबलावर लावायचे तर हेक्टरी उत्पादनाची कमाल मर्यादा कायद्याने पाळावी लागते. फळछाटणीनंतर पाणी-खत ओतून मणी फुगवण्याची सवय इथे उपयोगी नाही. लागणीपूर्वी माल कोण घेणार, कोणत्या ब्रिक्सला आणि किती आंबटपणाला, काय दराने, आणि मोजणी कोणासमोर होणार हे लेखी ठरवून घ्यावे. तोंडी शब्दावर मांडव उभारू नये.

दुसरी गोष्ट ठेवणीची. वाईनला बारा-चौदा अंशांचे, अंधारे, दमट तळघर लागते. बाटली आडवी ठेवतात म्हणजे बूच ओले राहते. आपल्या पत्र्याखालच्या चाळीस अंशांत एप्रिल-मे काढलेली बाटली मुरत नाही, शिजते. कोणी “दहा वर्षं जुनी आहे” म्हणून चढा भाव सांगितला तर ती दहा वर्षे कुठे ठेवली होती हे आधी विचारावे.

तिसरी गोष्ट आपल्या उसाची. ऊस मुरत नाही. तोडल्या क्षणापासून त्याची साखर उतरू लागते, म्हणून चोवीस तासांत तो गव्हाणीत पडला पाहिजे. पण पक्वतेची पारख दोन्हीकडे सारखीच. द्राक्षवाला मणी चावून बियांचा रंग पाहतो आणि ब्रिक्स मोजतो. आपला शेतकी कर्मचारी शेंड्याचा आणि बुडख्याचा ब्रिक्स पाहतो, आणि दोन्ही जवळ आले की तोड देतो. तो हाताने धरायचा रिफ्रॅक्टोमीटर इथलाही तोच आणि बोर्दोचाही तोच. तेव्हा कर्मचारी आपल्या फडात येईल तेव्हा सभासदांनी शेजारी उभे राहून आकडा स्वतः वाचावा आणि टिपून ठेवावा. त्यात अविश्वास दाखवण्यासारखे काही नाही.

मेडॉकच्या लहान शेतकऱ्यांनीही १९३० नंतरच्या मंदीत एकत्र येऊन सहकारी तळघरे काढली, कारण एकट्याच्या मालाची पारख दलाल करीत असे आणि भावही तोच सांगत असे. आपणही सहकारी कारखाने काढले ते याच कारणाने. तळघर असो की कारखाना, आत जे भरते ते शेतातूनच येते. मातीत, छाटणीत आणि काढणीच्या वेळेत जे साधले नाही ते पुढे वीस वर्षे थांबूनही साधत नाही. आणि जे साधले त्याचे मोल नीट व्हायचे तर माप उघड्यावर, सर्वांसमक्ष झाले पाहिजे. सभासदांनी आपापल्या गटात या विषयावर जरूर चर्चा करावी आणि काही शंका असल्यास शेती खात्याकडे विचारणा करावी.