मखमली निळाईचा काश्मिरी नीलम

1881च्या सुमारास किश्तवाडकडच्या पाडर भागात दरड कोसळली आणि सुमारे साडेचार हजार मीटर उंचीवर निळे खडे उघडे पडले. काश्मीरच्या महाराजांनी तिथे पहारा बसवला. बर्फामुळे खोदकाम वर्षातले मोजकेच आठवडे चाले. तरी 1887पर्यंत मूळ साठा जवळपास संपला. आज लिलावात दिसणारे उत्तम काश्मिरी नीलम बहुतेक जुन्या दागिन्यांतलेच.

नीलम म्हणजे आपला कुरुंदच, सुऱ्यांना धार लावतात त्याच जातीचा! त्यात लोह आणि टायटॅनियमचा अंश असला की तो निळा होतो. काश्मिरी खड्यात शिवाय अतिसूक्ष्म कण असतात. त्यांच्यावर प्रकाश विखुरतो आणि निळाईवर सायीसारखा मऊपणा येतो. म्हणजे एरवी ज्याला दोष म्हणतात, त्याचेच हे मोल. 2015मध्ये हाँगकाँगच्या लिलावात 27.68 कॅरटचा खडा सुमारे 67 लाख डॉलरला गेला. खडा काश्मीरचाच आहे आणि तापवून रंग खुलवलेला नाही, असे प्रयोगशाळेचे प्रमाणपत्र नसेल, तर मात्र भाव गडगडतो. साडेसातीसाठी अंगठीत बसवतात तो नीलम बहुधा दुसऱ्याच देशातला असतो; शनीची त्याला हरकत नसावी.