घराचा मेंदू घरातच

पाण्याच्या टाकीतला तरंगता गोळा टाकी भरली की नळ बंद करतो. पातळी ओळखणे, निर्णय घेणे आणि कृती करणे ही तिन्ही कामे तो एकटाच करतो. आधुनिक स्वयंचलित घरात ही कामे वाटलेली असतात. संवेदक ओळखतो, संगणक ठरवतो, स्विच कृती करतो. प्रश्न असा, की ठरवणारा संगणक कुठे असावा?

पुष्कळदा तो दूर, कंपनीकडे असतो. २०१६ च्या मे महिन्यात अमेरिकेत ‘रिव्हॉल्व्ह’ या नियंत्रक यंत्राची सेवा मालक कंपनीने बंद केली आणि लोकांच्या घरातील चांगली यंत्रे निकामी झाली. बिघाड कशातच नव्हता, पण मेंदू परक्याच्या हाती होता.

यावर उपाय म्हणजे ‘होम असिस्टंट’सारखी मुक्त आज्ञावली. पॉलस स्काउटसेन यांनी २०१३ मध्ये सुरू केलेली ही आज्ञावली घरातल्याच संगणकावर चालते.

त्यासाठी वेगळा संगणक घ्यायलाच हवा असे नाही. एकाच इमारतीत सकाळी एक शाळा व दुपारी दुसरी भरते, तसे लिनक्स आपल्या प्रोसेसरचा वेळ वाटून देऊन आत दुसरा, ‘आभासी’ संगणक चालवू शकते. स्मृती व डिस्क यांचा ठरावीक भागही त्याला मिळतो. २ जीबी स्मृती, ३२ जीबी डिस्क आणि प्रोसेसरचे दोन गाभे एवढे पुरते. होम असिस्टंटची तयार डिस्क-फाइल उतरवून ती या आभासी संगणकाला जोडायची.

इथे दोन गोष्टी सांभाळाव्या लागतात. पहिली, आभासी संगणक सुरू होण्याची पद्धत ‘यूईएफआय’ निवडावी. जुन्या ‘बायोस’ पद्धतीने तो सुरूच होत नाही. दुसरी, जाळ्याची जोडणी ‘ब्रिज’ प्रकारची ठेवावी. घरातली उपकरणे ‘मी इथे आहे’ अशी हाक त्याच जाळ्यातल्या सर्वांना देतात. ब्रिजमुळे आभासी संगणकाला त्या जाळ्यात स्वतःचा पत्ता मिळतो व ती हाक ऐकू येते. मग ब्राउझरमध्ये तो पत्ता व पुढे विसर्गचिन्हासारखी दोन टिंबे देऊन ८१२३ हा पोर्ट क्रमांक लिहिला, की पुढची मांडणी पडद्यावर दिसते.

तरीही भिंतीवरचे बटण काढू नये. संगणक बंद पडला तर तेच कामी येते. शेवटी विद्यार्थ्यांसह एक प्रयोग करावा. इंटरनेटची बाहेरून येणारी तार काढावी, राउटर चालू ठेवावा. जी उपकरणे अजूनही आज्ञा पाळतात, त्यांचाच मेंदू खरोखर घरात आहे.