'मॉन्स्टर हंटर'चं यश टोळीचं!
कॅपकॉम कंपनीची 'मॉन्स्टर हंटर' ही व्हिडिओ गेम मालिका २००४ साली प्लेस्टेशन २वर आली आणि २०२४पर्यंत तिच्या १० कोटींहून अधिक प्रती विकल्या गेल्या. माझ्या मते या यशाचं मूळ चौघांनी मिळून अजस्र प्राण्याची शिकार करण्यात आहे. पीएसपी या हातात धरून खेळायच्या यंत्रावर हा खेळ आल्यावर जपानमधले खेळाडू शेजारी शेजारी बसून खेळू लागले. साहजिकच एकानं प्रत घेतली की मित्रांनाही ती हवीशी वाटे.

कुणी म्हणेल, खरी झेप २०१८च्या 'मॉन्स्टर हंटर: वर्ल्ड' या भागाच्या देखण्या ग्राफिक्समुळे मिळाली. ग्राफिक्सचा वाटा आहेच. पण तेव्हाच कन्सोलवर खेळ जगभर एकाच वेळी आला आणि देशोदेशीचे खेळाडू एकत्र शिकारीला निघू शकले. जपानपुरती मोठी असलेली टोळी जगभर पसरली, हे मला त्याहून मोलाचं वाटतं.